एकाच तबकडीवर अनेक आवृत्त्या : कार्यप्रणाली-स्थापना माध्यमाची रचना व निर्मिती

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील सर्व यंत्रे एकाच वेळी आणि एकाच निधीतून खरेदी झालेली असतात, असे क्वचितच घडते. काही यंत्रे अनुदानातून आलेली असतात, काही देणगीतून, तर काही विभागाच्या वार्षिक तरतुदीत जेमतेम बसवलेली असतात. प्रत्येक खेपेबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजेच कार्यप्रणालीचा, परवानाही वेगळा येतो. लॅपटॉपवर विंडोजची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती असते, टेबलावरील संगणकांवर ‘प्रो’ असते, आणि संस्थेने शैक्षणिक सामूहिक परवाना घेतला असेल तर त्यात ‘एज्युकेशन’ मिळते. यंत्र बिघडले की प्रयोगशाळा-सहायकाला आधी कपाटातून योग्य माध्यम शोधावे लागते. चुकीचे माध्यम लावले गेले तरी स्थापना विनातक्रार पूर्ण होते आणि संगणक सुरळीत चालू लागतो. संस्थेच्या डोमेनला तो जोडण्याची वेळ आली, की तो पर्यायच तेथे नाही हे ध्यानात येते. कारण होम आवृत्तीत डोमेनला जोडण्याची सोय नसते. मग आवृत्ती बदलण्याचा खटाटोप करावा लागतो किंवा सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

या अडचणीवरचा उपाय म्हणजे आवश्यक त्या सर्व आवृत्त्या सामावणारे एकच स्थापना-माध्यम तयार करणे. बाजारात अशा ‘सर्व एकात’ तबकड्या वर्षानुवर्षे फिरत आल्या आहेत आणि त्यांच्याभोवती काहीशा जादूचे वलयही आहे. वस्तुतः त्यात जादू नाही. विंडोजच्या विविध आवृत्त्यांमधील भेद हा मुख्यतः फाईलींचा भेद नसून परवान्याचा भेद आहे, ही एक गोष्ट नीट समजली की उरलेली कृती तर्कशुद्ध रीतीने उलगडत जाते. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्ट विंडोज या कार्यप्रणालीचे उदाहरण घेऊन या रचनेचे व कृतीचे विवेचन केले आहे.

परिभाषेविषयी येथेच एक खुलासा करणे इष्ट ठरेल. मराठीत ‘आवृत्ती’ हा शब्द पुस्तकाच्या संदर्भात रुळलेला आहे आणि तेथे दुसरी आवृत्ती पहिलीनंतर येते. विंडोजच्या बाबतीत होम, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज या आवृत्त्या एकाच वेळी जन्मलेल्या भावंडांसारख्या आहेत. कालक्रमाने येणाऱ्या सुधारित रूपांना या लेखात ‘प्रकाशन’ म्हटले आहे आणि त्यांच्या नेमक्या क्रमांकाला ‘बिल्ड’. हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

एक्सपीच्या काळातील पद्धती :

विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. तिची स्थापना म्हणजे ‘आय३८६’ नावाच्या फोल्डरमधील हजारो सुट्या, दाबून ठेवलेल्या फाईली एकेक करून हार्डडिस्कवर उतरवणे. होम आणि प्रोफेशनल या आवृत्त्यांच्या सीडी वेगळ्या असत. इतकेच नव्हे, तर किरकोळ विक्रीची, संगणक-निर्मात्याची आणि सामूहिक परवान्याची सीडीही वेगळी असे. यांतील फरक पुष्कळदा ‘सेटअपपी.आयएनआय’ या अगदी छोट्या फाईलीतील एका ओळीपुरता होता. एका प्रकारच्या सीडीवर दुसऱ्या प्रकारचा उत्पादन-क्रमांक, म्हणजे ‘प्रॉडक्ट की’, चालत नसे त्याचे कारण ती ओळ होती.

अनेक एक्सपी एका तबकडीवर आणण्यासाठी त्या काळी जो उपद्व्याप केला जाई, तो आज वाचताना गमतीचा वाटतो. प्रत्येक आवृत्तीसाठी चार अक्षरी नावाचे स्वतंत्र बूट-फोल्डर तयार करावयाचे, बूट-सेक्टरमध्ये जेथे ‘आय३८६’ ही चार अक्षरे असत तेथे हेक्स-संपादकाने नवीन चार अक्षरे कोरावयाची, आणि ‘टीएक्सटीसेटअप.एसआयएफ’ या फाईलीत मूळ ठिकाणाचा मार्ग बदलावयाचा. नाव चारच अक्षरी असण्याचे कारण एवढेच, की त्या सेक्टरमध्ये अधिक जागा नव्हती. सीडीची क्षमता ७०० मेगाबाइटांची, आणि एक्सपीची एक प्रत तिचा बराच भाग व्यापत असे. मग अनेक प्रती बसवणार कशा? उत्तर तबकडीची प्रतिमा तयार करणाऱ्या साधनात होते. आशयाने तंतोतंत सारख्या असणाऱ्या फाईली एकदाच लिहावयाच्या आणि निर्देशिकेतील अनेक नोंदी त्या एकाच जागेकडे वळवावयाच्या, असा पर्याय त्या साधनात होता. होम आणि प्रोफेशनल यांतील बहुतांश फाईली सारख्याच असल्याने दोन्ही मिळून एकीपेक्षा थोडीच अधिक जागा घेत. पुढे मायक्रोसॉफ्टने अधिकृतपणे जी रचना स्वीकारली, तिचे बीज या युक्तीत दिसते.

विम : एक गोदाम, अनेक याद्या :

विंडोज व्हिस्टा ही २००६ च्या अखेरीस संस्थांसाठी आणि ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी उपलब्ध झाली. तिच्या डीव्हीडीवर आय३८६ हे फोल्डर नव्हते. त्याऐवजी ‘सोर्सेस’ या फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉल.विम’ नावाची एकच अवजड फाईल होती. विम म्हणजे विंडोजची प्रतिमा-फाईल. स्थापना करणे म्हणजे आता सुट्या फाईली उतरवणे राहिले नाही. आधीच स्थापन करून ठेवलेल्या कार्यप्रणालीची प्रतिमा हार्डडिस्कवर पसरवणे, असा त्याचा अर्थ झाला.

ही प्रतिमा हार्डडिस्कच्या सेक्टरांची नक्कल नसते, ती फाईलींच्या पातळीवरची असते. आत येणाऱ्या प्रत्येक फाईलीच्या आशयावरून ‘शा-१’ या पद्धतीने २० बाइटांचा एक ठसा काढला जातो. तोच ठसा असलेला आशय आधीपासून साठ्यात असेल, तर तो पुन्हा साठवला जात नाही. प्रत्येक आवृत्तीसाठी मात्र एक स्वतंत्र यादी असते. कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाची फाईल आहे, तिच्यावर कोणाचे अधिकार आहेत आणि तिचा आशय कोणत्या ठशाचा आहे, एवढे त्या यादीत नोंदलेले असते. ग्रंथालयाची उपमा द्यावयाची तर पुस्तकांचे गोदाम एकच आणि तालिका अनेक, असा हा प्रकार आहे. बालविभागाच्या तालिकेत आणि संशोधन विभागाच्या तालिकेत एकाच शब्दकोशाची नोंद असू शकते. त्यासाठी शब्दकोशाच्या दोन प्रती घ्याव्या लागत नाहीत.

या प्रत्येक तालिकेला विमच्या परिभाषेत अनुक्रमांक असतो. फाईलीच्या शेवटी एक्सएमएल स्वरूपातील एक मजकूर जोडलेला असतो व त्यात प्रत्येक अनुक्रमांकाची आवृत्ती, नाव, बिल्ड इत्यादी माहिती नोंदलेली असते. स्थापनेच्या वेळी आवृत्त्यांची जी यादी पडद्यावर येते, ती या मजकुरातून घेतलेली असते. व्हिस्टाच्या किरकोळ विक्रीच्या डीव्हीडीवर होम बेसिक, होम प्रीमियम, बिझनेस व अल्टिमेट या आवृत्त्या अशा रीतीने एकत्रच नांदत होत्या. ग्राहकाने पैसे कोणत्या आवृत्तीचे भरले आहेत, हे केवळ त्याच्याकडील उत्पादन-क्रमांक ठरवीत असे.

आवृत्त्यांमधील साम्य किती खोलवरचे आहे, याचा आणखी एक पुरावा विंडोज ७ मध्ये मिळाला. त्या प्रणालीत होम प्रीमियमवरून अल्टिमेटवर जाण्यासाठी कोणतीही तबकडी लागत नसे. नवा उत्पादन-क्रमांक दिला की काम होई. वरच्या आवृत्तीचे घटक खालच्या आवृत्तीबरोबर हार्डडिस्कवर आधीच उतरलेले असत, केवळ जागे केलेले नसत. ग्राहकाने ज्याचे पैसे भरलेले नाहीत, ते त्याच्याच यंत्रात निद्रिस्त ठेवण्याची ही व्यापारी रीत कोणाला रुचो वा न रुचो, बहु-आवृत्ती माध्यम शक्य होते ते तिच्यामुळेच.

माध्यमाची निर्मिती :

कामाची साधने मायक्रोसॉफ्टच विनामूल्य पुरवते. व्हिस्टाच्या काळात ‘इमेजएक्स’ हे साधन वापरले जाई. विंडोज ७ पासून ‘डिझम’ हे साधन आले, आणि आज ते प्रत्येक विंडोजमध्ये अंगभूत असते. तबकडीची आयएसओ प्रतिमा तयार करणारे ‘ओएससीडीआयएमजी’ हे साधन मात्र मूल्यांकन व उपयोजन संचातून, म्हणजे एडीकेमधून, वेगळे उतरवून घ्यावे लागते. लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी ‘विमलिब’ हा मुक्त संच उपलब्ध असून तो विम फाईली उत्तम रीतीने हाताळतो.

विंडोज ११ चे उदाहरण घेऊ. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मिळणारी तिची आयएसओ मुळातच बहु-आवृत्ती आहे. तीत होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो, एज्युकेशन आदी आवृत्त्या असतात, परंतु एंटरप्राइज नसते. सामूहिक परवानाधारकांना मिळणाऱ्या आयएसओत एंटरप्राइज, एज्युकेशन आणि प्रो असतात, पण होम नसते. ज्या संस्थेत दोन्ही प्रकारचे परवाने आहेत, तिला हे दोन साठे एकत्र करावे लागतात. त्यासाठी सामूहिक परवान्याच्या आयएसओतील सर्व मजकूर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यावा आणि डिझमच्या माहिती देणाऱ्या आज्ञेने दोन्ही विम फाईलींतील अनुक्रमांक वाचावेत. ग्राहक-आयएसओतील होम सिंगल लँग्वेजचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि डिझमच्या ‘एक्स्पोर्ट-इमेज’ या आज्ञेने तेवढी एकच प्रतिमा पहिल्या विममध्ये निर्यात करावी. निर्यात होत असताना ठसे ताडून पाहिले जातात आणि गोदामात आधीच असलेला आशय पुन्हा भरला जात नाही. त्यामुळे आणखी एक संपूर्ण कार्यप्रणाली आत आली, तरी विमचा आकार त्या मानाने अत्यल्प वाढतो. हे पहिल्यांदा करणाऱ्याला आपल्या हातून काही राहिले तर नाही ना, अशी शंका येते इतका अल्प.

मात्र या सर्वाला एक पूर्वअट आहे. दोन्ही विम एकाच बिल्डच्या आणि एकाच भाषेच्या असल्या पाहिजेत. बिल्ड वेगळे असेल तर फाईलींचा आशय वेगळा, म्हणून ठसे वेगळे; आणि मग गोदामात दोन्ही साठे जवळजवळ पूर्णपणे स्वतंत्र राहून आकार दुपटीकडे जातो. स्थापना-कार्यक्रम एका बिल्डचा आणि प्रतिमा दुसऱ्या बिल्डची, असा विजोड संसारही त्यातून उभा राहतो.

नको असलेल्या आवृत्त्या काढून टाकण्याच्या बाबतीत बहुतेकांची एक फसगत होते. डिझमची ‘डिलीट-इमेज’ ही आज्ञा दिली की आवृत्ती यादीतून नाहीशी होते, पण फाईलीचा आकार जिथल्या तिथे राहतो. कारण आज्ञेने तालिका फाडलेली असते, गोदामातील पुस्तके हलवलेली नसतात. ती जागा मोकळी करावयाची असेल, तर उरलेल्या प्रतिमा एकेक करून नव्या विम फाईलीत निर्यात कराव्या लागतात. म्हणून आधी नकोसे काढण्यापेक्षा सुरुवातीलाच रिकाम्या फाईलीत हवे तेवढेच निर्यात करणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर सर्व फोल्डरची आयएसओ प्रतिमा करावयाची. तबकडीवरून संगणक सुरू व्हावा यासाठी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम यांनी ‘एल टोरिटो’ हे विनिर्देश तयार केले होते आणि आजही तेच पाळले जातात. त्यानुसार तबकडीत दोन बूट-नोंदी कराव्या लागतात : एक जुन्या बायोस पद्धतीच्या यंत्रांसाठी आणि दुसरी यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांसाठी. दुसरी नोंद विसरली तर तबकडी नव्या यंत्रांना दिसतच नाही, आणि दोष तबकडीऐवजी यंत्राला दिला जातो. विंडोज ११ अधिकृतपणे यूईएफआय यंत्रांवरच चालत असल्याने तिच्यासाठी ही दुसरी नोंदच महत्त्वाची आहे. फाईल-व्यवस्था म्हणून यूडीएफ निवडावी लागते, कारण जुन्या आयएसओ ९६६० व्यवस्थेत चार गिगाबाइटांपेक्षा मोठी फाईल सरळपणे मावत नाही. मायक्रोसॉफ्टची तबकडी यूडीएफ न समजणाऱ्या जुन्या संगणकात घातली, तर तेथे एकच ‘रीडमी’ फाईल दिसते आणि ही तबकडी वाचण्यासाठी यूडीएफची आवश्यकता आहे, एवढेच तीत नोंदलेले असते.

आवृत्ती निवडतो कोण? :

तबकडीवर सर्व आवृत्त्या आल्या म्हणजे काम झाले, असे नाही. स्थापनेच्या वेळी त्यांपैकी एकीची निवड कोणी करावयाची, हा खरा कळीचा प्रश्न आहे. आणि प्रयोगशाळेतील बहुतेक घोटाळे येथेच होतात.

विंडोज ७ मध्ये या निवडीचे नियंत्रण सोर्सेस फोल्डरमधील ‘ईआय.सीएफजी’ या चिमुकल्या मजकूर-फाईलीकडे होते. तीत एका आवृत्तीचे नाव नोंदलेले असे आणि स्थापना-कार्यक्रम तीच आवृत्ती उतरवीत असे. विममध्ये इतर आवृत्त्या असल्या, तरी त्या वापरकर्त्याला दिसत नसत. ती फाईल काढून टाकली की सर्व आवृत्त्यांची यादी पडद्यावर येई. अर्थात बहु-आवृत्ती तबकडी करणे म्हणजे कित्येकदा एक फाईल पुसणे, एवढेच असे.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर चित्र उलटे झाले. तोपर्यंत लॅपटॉपच्या तळाशी उत्पादन-क्रमांकाचे लेबल चिकटवलेले असे आणि ते काही वर्षांत घासून अवाचनीय होई. विंडोज ८ पासून निर्माते हा क्रमांक यंत्राच्या फर्मवेअरमध्ये, एसीपीआय व्यवस्थेतील ‘एमएसडीएम’ नावाच्या तक्त्यात, नोंदवू लागले. स्थापना-कार्यक्रम तो क्रमांक स्वतःच वाचतो आणि काहीही न विचारता त्याच्याशी जुळणारी आवृत्ती उतरवतो. घरगुती वापरकर्त्याची यात मोठी सोय आहे, हे मान्य केले पाहिजे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांवर मात्र होम सिंगल लँग्वेजचा क्रमांक असतो. अशा लॅपटॉपवर संस्थेने एज्युकेशनचा परवाना घेतला असला आणि तबकडीवर एज्युकेशन असली, तरी उतरते ती होम सिंगल लँग्वेजच. यादी दाखवलीच जात नसल्याने काही चुकले आहे, अशी शंकाही कोणाला येत नाही. प्रस्तावनेत वर्णिलेली फसगत घडते ती अशी.

मायक्रोसॉफ्टने या बाबतीत प्राधान्यक्रम घालून दिला आहे. प्रथम मान उत्तर-फाईलीला किंवा माध्यमावरील ईआय.सीएफजी व ‘पीआयडी.टीएक्सटी’ या फाईलींना मिळतो. त्या नसतील तर फर्मवेअरमधील क्रमांक पाहिला जातो आणि तोही नसेल तरच वापरकर्त्याला विचारले जाते. म्हणून जी फाईल विंडोज ७ साठी काढून टाकावी लागे, तीच नंतरच्या प्रणालींसाठी मुद्दाम घालावी लागते. ईआय.सीएफजीमध्ये आवृत्तीचे नाव रिकामे सोडून केवळ वितरणाचा प्रकार ‘रिटेल’ व सामूहिक परवान्याचा अंक शून्य असा मजकूर दिला, की सामान्यतः फर्मवेअरमधील क्रमांक बाजूला ठेवला जातो आणि आवृत्त्यांची यादी पडद्यावर येते.

पीआयडी.टीएक्सटीचा मार्ग याहून निश्चित आहे. तीत उत्पादन-क्रमांक लिहिलेला असेल तर त्याच आवृत्तीची निवड होते, विचारणा होत नाही. पण मग माध्यम पुन्हा एका आवृत्तीपुरते बांधले जाते. शिवाय संस्थेचा सामूहिक क्रमांक साध्या मजकुराच्या स्वरूपात तबकडीवर फिरू लागतो, आणि तबकडी विद्यार्थ्याच्या खिशातून बाहेर गेली की तो क्रमांकही बाहेर जातो. केवळ आवृत्ती दर्शवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले सर्वसाधारण क्रमांक वापरणे हा यावरचा सुरक्षित पर्याय होय. या क्रमांकांनी स्थापना होते; सक्रियीकरण आपोआप होत नाही, त्यासाठी संस्थेची स्वतःची परवाना-व्यवस्था लागते.

आकाराची मर्यादा आणि अद्ययावतता :

‘तबकडी’ हा शब्द आता बराचसा सवयीचा उरला आहे. एकस्तरीय डीव्हीडीची क्षमता ४.७ गिगाबाइट, आणि विंडोज ११ ची आयएसओ पाच गिगाबाइटांहून मोठी. म्हणजे द्विस्तरीय, ८.५ गिगाबाइटांची डीव्हीडी तरी हवी किंवा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर वेगळीच अडचण उभी राहते. यूईएफआय यंत्रे खात्रीने ओळखतात ती फॅट३२ ही फाईल-व्यवस्था, आणि तीत एका फाईलीची कमाल मर्यादा चार गिगाबाइटांना एक बाइट कमी, एवढी आहे. इन्स्टॉल.विम ही मर्यादा ओलांडते. अशा वेळी डिझमच्या साहाय्याने तिचे ‘एसडब्ल्यूएम’ प्रकारच्या छोट्या तुकड्यांत विभाजन करता येते आणि स्थापना-कार्यक्रम ते तुकडे जोडून वाचतो. दुसरा मार्ग ‘ईएसडी’ या अधिक घट्ट दाबलेल्या स्वरूपाचा. त्यात आकार बराच घटतो, परंतु अशी फाईल तयार करण्यास वेळ आणि स्मृती पुष्कळ लागते. शिवाय तीत नंतर बदल करता येत नसल्याने ज्यांना माध्यम वेळोवेळी सुधारावयाचे आहे, त्यांच्यासाठी विम हेच स्वरूप योग्य.

३२-बिट यंत्रांचा प्रश्न विंडोज ११ मध्ये उरलेला नाही, कारण ती ६४-बिट यंत्रांसाठीच आहे. विंडोज ७ च्या काळात मात्र दोन्ही प्रकारच्या प्रतिमा एकाच विममध्ये ठेवून ३२-बिट बूट-व्यवस्थेतून ६४-बिट प्रणाली उतरवता येत असे. जुन्या यंत्रांच्या प्रयोगशाळांत अशा तबकड्या अजूनही आढळतात. विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे त्या वापरताना विसरू नये.

माध्यमात सुरक्षा-सुधारणा आणि यंत्रांचे ड्रायव्हर आधीच घालून ठेवता येतात. स्थापनेनंतरचे कित्येक तास त्यामुळे वाचतात. परंतु बहु-आवृत्ती माध्यमाची किंमत नेमकी येथे चुकवावी लागते. सुधारणा गोदामात घालता येत नाही, ती प्रत्येक प्रतिमेत घालावी लागते. चार आवृत्त्या असतील तर प्रतिमा चार वेळा उघडावयाची, चार वेळा सुधारणा लावावयाची आणि चार वेळा जतन करावयाची. एखादी आवृत्ती राहून गेली तर ते बाहेरून कळत नाही. जतन करून झाल्यावर जुन्या फाईलींचा निरुपयोगी आशय गोदामात साचतो, म्हणून शेवटी पुन्हा एकदा सर्व प्रतिमा नव्या विममध्ये निर्यात करणे श्रेयस्कर. हा व्याप पाहता ज्या आवृत्त्यांचे परवाने संस्थेकडे आहेत, तेवढ्याच ठेवाव्यात. होमपासून एंटरप्राइजपर्यंत सर्व काही असलेली तबकडी मिरवण्यास चांगली, राखण्यास कठीण.

परवाना आणि उगम :

तबकडीवर आवृत्ती असणे आणि ती वापरण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्मात्याने यंत्रासोबत दिलेला परवाना त्या यंत्राशी बांधलेला असतो. सामूहिक परवान्यातील विंडोज ही सामान्यतः आधीच्या पात्र परवान्यावरील उन्नती असते. म्हणजे कार्यप्रणालीविना घेतलेल्या रिकाम्या यंत्रावर तिचा हक्क आपोआप पोहोचत नाही. खरेदीच्या वेळी थोडे पैसे वाचवण्यासाठी रिकामी यंत्रे घेणाऱ्या संस्थांच्या हे लक्षात येते ते परवाना-तपासणीच्या वेळी. भारतात संगणक-आज्ञावलीला प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ चे संरक्षण आहे. आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास त्यातील कलम ६३-ब नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा आहे. प्रयोगशाळा-सहायकाने सद्‌भावनेने लावलेली तबकडी संस्थेच्या प्रमुखांना उत्तरदायी करू शकते.

बाजारातील आयत्या ‘सर्व एकात’ तबकड्यांचा धोका याहून गंभीर आहे. वर वर्णिलेली कृती कोणालाही करता येते. त्याच सहजतेने प्रतिमा उघडून तीत हेरगिरी करणारी आज्ञावली ठेवता येते, सुरक्षा-व्यवस्था बंद करता येते आणि प्रतिमा पुन्हा मिटवता येते. अशा माध्यमातून उतरलेली कार्यप्रणाली पहिल्या क्षणापासूनच दूषित असते आणि तिच्यावर नंतर बसवलेल्या विषाणुरोधकाच्या ग्वाहीला फारसा अर्थ राहत नाही. परीक्षेचे गुण, विद्यार्थ्यांची आधार-माहिती आणि शुल्काचे व्यवहार ज्या यंत्रांवर होतात, त्यांच्यासाठी हा धोका पत्करणे समर्थनीय नाही. म्हणून मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्टकडूनच घ्यावी आणि संकेतस्थळावर दिलेल्या ‘शा-२५६’ ठशाशी उतरवलेल्या फाईलीचा ठसा ताडून पाहावा. विंडोजमधील ‘सर्टयूटिल’ या साधनाने हे काम दोन-तीन मिनिटांत होते. विमच्या अंतरंगात वापरला जाणारा शा-१ हा ठसा पुनरावृत्ती टाळण्यासाठी आहे, खरेपणाच्या हमीसाठी नाही. एकच शा-१ ठसा देणाऱ्या दोन भिन्न फाईली २०१७ मध्ये जाहीरपणे तयार करून दाखवल्या गेल्या आहेत.

चाचणी आणि नोंद :

तयार झालेले माध्यम प्रथम आभासी यंत्रावर चालवून पाहावे. प्रत्येक आवृत्ती निदान एकदा पूर्ण स्थापन करावी, केवळ यादी दिसली म्हणून थांबू नये. मात्र आभासी यंत्राच्या फर्मवेअरमध्ये सामान्यतः उत्पादन-क्रमांक नसतो. त्यामुळे तेथे यादी दिसली, तरी खऱ्या लॅपटॉपवर ती दिसेलच, असे म्हणता येत नाही. स्थापना-कार्यक्रमाचे वर्तनही प्रकाशनागणिक बदलत आले आहे. यास्तव फर्मवेअरमध्ये होम सिंगल लँग्वेजचा क्रमांक असलेल्या एका लॅपटॉपवरची चाचणी अनिवार्य समजावी. स्थापना झाल्यावर सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर आवृत्तीचे नाव आणि बिल्ड पाहावे, आणि ते माध्यमाच्या नोंदीशी जुळते की नाही याची खात्री करावी.

ती नोंद तबकडीच्या वेष्टनावर किंवा पेनड्राइव्हला बांधलेल्या चिठ्ठीवर असावी : बिल्ड क्रमांक, समाविष्ट आवृत्त्या व त्यांचे अनुक्रमांक, शेवटची सुधारणा लावल्याची तारीख, मूळ आयएसओचे नाव आणि तयार झालेल्या आयएसओच्या ठशाची पहिली आठ अक्षरे. पूर्ण ठसा प्रयोगशाळेच्या जडवस्तू नोंदवहीत, त्या त्या परवान्याच्या नोंदीशेजारी लिहावा. पुढील वर्षी सहायक बदलला तरी कपाटातील कोणते माध्यम कोणत्या यंत्रासाठी आहे, हे त्याला त्या वहीतूनच कळेल.